चहाच्या आधी पाय

कळसाडी, ता. शहादा
१६ जून २०२४

प्रिय सुसाना,

कामिनीचा आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. तुझ्या पाड्यावर फोनला रेंज येत नाही, आणि आली तरी आमच्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे सासूबाई, लेक आणि शेजारची दोन घरं यांच्यासमोर भाषण करायचं. म्हणून पत्र. आमची लेक भूमिका रोज लोणखेड्याला कॉलेजला जाते, ती पेटीत टाकेल. तू रविवारी चर्चला चिंचपाड्याला येतेस तेव्हा पोस्टमास्तरांच्या घरी विचारत जा.

दवाखान्यातून निघताना तुझा नीट निरोप घेता आला नाही, गाडीवाला घाई करत होता. आपण इतके दिवस एका नळावर भांडी घासली, एका चुलीवर रांधलं. यांच्या पायाची दोन बोटं कापली त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरेना, तर तू मला दम देऊन पेज पाजलीस. तुझ्या आईचा तर गुडघ्याखालचा पाय गेला होता, तरी तू माझ्याजवळ येऊन बसलीस. तुझे उपकार मी विसरणार नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढची रडगाणी गायला मी मोकळी.

डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस. साखरेनं यांचे पाय बधिर झालेत. काटा कळत नाही, चटका कळत नाही. पुन्हा जखम झाली आणि वेळेवर दिसली नाही, तर बोटांवर भागणार नाही, पाय जाईल. म्हणून रोज तळवे बघा, धुवा, कोरडे करा, अनवाणी चालू नका, जेवल्यावर फिरा, गोड सोडा, गोळ्या चुकवू नका.

मी घरी आल्या आल्या सगळं एकदम सुरू केलं. त्यात भूमिकानं मोबाइलवर कुणा गुरुजींचं भाषण लावलं, पहाटे उठा, कोमट पाणी प्या, डोळे मिटून बसा, आयुष्य बदलेल. म्हटलं हेही घालू. पहिल्या दिवशी घराला लग्नघराची कळा. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, डोकं दुखतंय. तिसऱ्या दिवशी मलाच जाग आली नाही. आता फक्त गोळ्या उरल्यात, त्याही मी मागे धावून देते.

पायाला तर हात लावू देत नाहीत. बायको रोज पायाशी बसलेली बरी दिसत नाही म्हणे. आणि केळीच्या बागेत जाताना चप्पल बांधावर काढून ठेवतात. आपल्या मातीत चप्पल घालून फिरणारा माणूस दाखव, असं मलाच विचारतात. कळतं पण वळत नाही, दुसरं काय.

मला रोज भीती वाटते, सुसाना. तू आईचं कसं जमवतेस ते सांग.

तुझी,
कामिनी


आंबापाडा, पो. चिंचपाडा
२७ जून २०२४

ति. कामिनीताईंना सुसानाचा सप्रेम सलाम.

तुमचं पत्र मिळालं. पोस्टमास्तरांनी मला दोनदा विचारलं, सुसाना गावित तूच का. माझ्या नावाने आजपर्यंत पत्र आलंच नव्हतं. घरी आणून आईला वाचून दाखवलं, मग माझ्या नवऱ्याला, आमश्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, शहाद्याकडची माणसं बोलतात तशीच लिहितात. गुरुजींच्या भाषणाला आई फार हसली. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली, म्हणून तुमचे आभार.

घरी आम्ही कोकणी बोलतो, आमची आदिवासी बोली, कोकणातली नाही. मराठी मी वसतिगृहाच्या शाळेत शिकले. चुकलं तर सांभाळून घ्या.

ताई, आईचा पाय कशाने गेला हे मी दवाखान्यात तुम्हाला सांगितलं नव्हतं. मला तेव्हा बोलवत नव्हतं. थंडीत ती चुलीजवळ पाय शेकत बसली होती. निखारा तिच्या टाचेला लागला. ती मला म्हणाली, सुसाना, काहीतरी करपतंय, भाकरी बघ. मी भाकरी बघितली. भाकरी चांगली होती.

दवाखान्यातून आल्यापासून आमच्या घरी नियम एकच आहे. आईचा उरलेला पाय बघितल्याशिवाय चूल पेटवायची नाही. चूल रोज पेटवावीच लागते, सगळ्यांना भूक लागते. त्यामुळे पाय बघायचं राहत नाही. पहिल्यांदा मी पण डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं करायला गेले आणि दमले. मग एकच धरलं. आता पाय बघताना तेल लावते, तेल लावताना गोळीची आठवण होते, गोळी दिली की ती काठी मागते आणि दारापर्यंत चालते. मी तिला चाल म्हणून सांगितलं नव्हतं. शेळीला दोरीने आणलं की करडू आपोआप मागे येतं.

तुम्ही सगळी जमीन एका दिवसात पेरायला घेतली. एकच सरी धरा. हेमकांतभाऊ रोज न चुकता, कोणी न सांगता काय करतात ते बघा. त्याच्या अगदी आधी पाय बांधा.

तुमच्या घरासाठी मी प्रार्थना करते.

तुमची लहान बहीण,
सुसाना


कळसाडी
२ ऑगस्ट २०२४

प्रिय सुसाना,

तुझ्या तोंडात साखर पडो म्हणणार होते, पण आपल्या दोघींच्या घरात साखरेचं नाव काढायची सोय नाही.

हे न चुकता काय करतात? सकाळी मागच्या दारी खाटेवर बसून चहा पितात आणि मोबाइलवर केळीचे भाव बघतात. घरात कोणी मेलं तरी आधी भाव बघतील. मी चहा उकळला, झाकून ठेवला, आणि सांगितलं, आधी पाय, मग चहा.

पहिल्या दिवशी हे रागानं उठून रूपचंदभाऊंकडे गेले. रूपचंदभाऊ शेजारी राहतात, शेतावरचे यांचे जुने सोबती. त्यांच्या बायकोला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, दूध नासलं. परत आले आणि तोंड फिरवून पाय पुढे केला. सासूबाई, म्हणजे आमच्या तापीबाई, दारात जपमाळ ओढत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सून, रोज पाय धरस, काय मांगनं शे ते एकदाव सांगी टाक." हेसुद्धा हसले.

असं काही दिवस चाललं, कुरकुरत. मग एका सकाळी तळव्याला काळा ठिपका दिसला. मला वाटलं माती. नखानं खरवडलं तर बाभळीचा काटा, आख्खा आत. आदल्या दिवशी दिवसभर तो काटा पायात घेऊन हे बागेत फिरले होते. मी तो काढून यांच्या तळहातावर ठेवला. हे कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून बांधावर चप्पल काढणं बंद झालं. दवाखान्यातली ती मऊ तळाची, मागून पट्ट्याची चप्पल घालतात, घालायच्या आधी उलटी करून झटकतात. चिखलात रुतली की चिखलाला शिव्या देतात, पण काढत नाहीत.

तुझं करडू खरंच मागे आलं. पाय झाल्यावर गोळी स्वतः मागतात. रात्री जेवून देवळापर्यंत फेरी होते. आणि एक गोष्ट तू सांगितली नव्हतीस, ती सांगते. पाय माझ्या मांडीवर असतो तोवर यांना उठून जाता येत नाही, म्हणून माझ्याशी बोलतात. केळीच्या घडाला किती फण्या धरल्या, लहानपणी तापीत पोहताना कसे वाहून चालले होते, भूमिकाला पुढे शिकवायचं का. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही कामाचंच बोललो ग. मी चहाचं पातेलं मुद्दाम मंद आचेवर ठेवते.

जखम आता पूर्ण भरली. मी देवीला बोललेच होते, यांचा पाय वाचला तर नवरात्रात नऊही दिवस अनवाणी राहीन, आणि रोज नदीकाठच्या देवळात अनवाणी जाईन. देवीनं तिचं केलं, आता माझी पाळी.

बाकी गंमत ऐक. परवा बागेतून आले तर सासूबाई म्हणाल्या, तुन्ही एक चप्पल कुठे शे? बघते तर एकाच पायात चप्पल. दुसरी चिखलात राहिली आणि मी तशीच घरापर्यंत आले. वय झालं माझं. सगळे पोट धरून हसले.

आईला नमस्कार.

तुझी,
कामिनी


आंबापाडा
२० ऑगस्ट २०२४

ति. कामिनीताईंना सलाम.

हेमकांतभाऊंची जखम भरली हे वाचून आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. आईने काठी टेकून उभं राहून आभार मानले. ती आता अंगणातल्या आंब्यापर्यंत जाते. भाताची लावणी झाली. आमश्या कामासाठी गुजरातमध्ये गेला आहे, कापणीला येईल.

ताई, तुम्ही चप्पलची गंमत लिहिली. ती वाचून मला हसू आलं नाही. चप्पल पायातून निघाली आणि ओल्या मातीत, खड्यांवर चालताना तुम्हाला कळलं कसं नाही? आईचं असंच सुरू झालं होतं. तिची चप्पल ओढ्यात वाहून गेली, ती घरी आली आणि आम्ही हसलो. नंतर निखाऱ्याची गोष्ट झाली.

कापसाची एक वात घ्या. डोळे मिटा आणि भूमिकाला सांगा, तळव्यावरून वात फिरव. कळते का बघा. आणि दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. तोपर्यंत अनवाणी चालू नका. नवसाचं काही वेगळं करता येत असेल तर गुरवांना विचारा.

मी लहान आहे, जास्त बोलले असेन तर रागावू नका. उत्तर लवकर पाठवा.

सुसाना


कळसाडी
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय सुसाना,

उत्तराला उशीर झाला. पितृपक्षाची कामं, त्यात कपाशीची वेचणी तोंडावर आली.

तू म्हणजे अगदी डॉक्टरीण झालीस. वात फिरवून झाली. जरा कमी कळलं, पण आमचे पाय शेतातले, टाचा दगडासारख्या, त्यांना काय कापूस कळणार? बोटांत थोड्या चिखल्या झाल्यात, पावसाळ्यात होतातच. मेंदी वाटून भरली आहे. सणाला रंगही होईल आणि औषधही.

रक्त तपासायला मी जाणार नाही, आणि का ते तुला एकटीला सांगते. नवस बोलताना मी देवीला म्हटलं होतं, यांचं दुखणं मला दे, पण यांचा पाय राहू दे. आता पाय राहिलाय. मी नवस मोडला आणि यांचा पाय पुन्हा चिघळला, तर मी कुणाला तोंड दाखवू? शिवाय हे आता कुठे माणसात आलेत. मी आजारी आहे म्हटलं की माझ्या काळजीत स्वतःचं सगळं सोडून देतील. एका घरात दोन आजारी परवडत नाहीत. नऊ दिवस जाऊ देत, मग बघू.

तुझा देव वेगळा, नवसाचं तुला कळायचं नाही. यांना किंवा भूमिकाला यातलं काही कळता कामा नये. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून लिहिलं.

कामिनी


आंबापाडा
३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय हेमकांतभाऊंना सुसाना गावितचा सलाम.

दवाखान्यात तुम्ही मला पाहिलं आहे. कामिनीताईंसोबत मी स्वयंपाक करायचे. त्यांनी मला एक गोष्ट कोणाला सांगू नको म्हणून लिहिली आहे. मी रविवारभर विचार केला. त्यांचा विश्वास मोडला तर त्या माझ्याशी बोलणार नाहीत, हे मला माहीत आहे. मला मोठी बहीण नाही, त्या एकच आहेत. तरी मी लिहिते.

ताईंच्या पायांना कळत नाही असं मला वाटतं. बोटांत जखम आहे असंही वाटतं. आणि या दिवसांत त्या अनवाणी चालत असतील. माझ्या आईच्या वेळी मला कोणी सांगितलं नाही, म्हणून मला उशीर झाला.

रोज सकाळी त्या तुमचे पाय बघतात. उद्या सकाळी तुम्ही त्यांचे बघा. बोटांच्या मधे बघा.

तुमची,
सुसाना


कळसाडी
१५ ऑक्टोबर २०२४

सुसानाबहिणीस हेमकांत पाटीलचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. शाळा सुटल्यावर सोसायटीच्या अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही. पण तू मला लिहिलंस, तर उत्तर मीच द्यायला पाहिजे, भूमिकाकडून लिहून घेणं बरोबर नाही.

तुझं पत्र नवरात्राच्या मधल्या दिवसांत मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामिनी नेहमीप्रमाणे माझे पाय बघून उठायला लागली. मी म्हटलं, "आते तुन्हा पाय दखाड." ती म्हणाली, काय भलतंच. मी पुन्हा म्हटलं. तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावला तर तिला पाप लागतं, वरून देवीचे दिवस, असं करून ती आत निघाली. तेव्हा माझी आई दारात होती. आई म्हणाली, "तू त्याना पाय दखस ते चाली जास, नि त्यानी तुन्हा दखा तं पाप? हाई कोनी सांगं?"

मग ती बसली. पाय पुढे केला आणि तोंड दुसरीकडे.

मेंदीमुळे आधी काही दिसलं नाही. सगळं लाल. मी पाण्यानं धुतलं. बोटं सुजलेली होती आणि जोडवं मांसात रुतलं होतं. त्याच्याखालून वास येत होता. तो वास मला माहीत आहे. मी तिला विचारलं, दुखत नाही? ती म्हणाली, काहीच नाही. दुखतंय म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

जोडवं काढायला लागणार होतं. ती रडायला लागली. नवरा असताना जोडवं उतरवत नाहीत, तेही सणात. मी आयुष्यात तिला असं रडताना पाहिलं नाही, माझी बोटं गेली तेव्हाही नाही. मी म्हटलं, "मी जित्ता शे. जोडवं मन्हा नावनं शे ना? मंग मीच काढस." खोबरेल लावून हळूहळू काढलं. दोन्ही पायांची काढली. खाली जी जखम होती ती लिहीत नाही.

रूपचंदच्या गाडीत घालून तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. साखर माझ्यापेक्षा जास्त निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडाभर अनवाणी चालली असती तर पायाचं सांगता आलं नसतं. आता बोट वाचतं का ते बघायचं आहे. औषध चालू आहे, रोज पट्टी बदलतात. मी तिथेच असतो. आज कपडे न्यायला घरी आलो तेव्हा हे लिहितोय.

बहीण, मी केळीचा माणूस आहे. बागेत रोज चक्कर मारतो. एका पानावर करपा दिसला की मला रात्री झोप लागत नाही. आणि जी बाई रोज माझ्या पायाशी बसत होती तिच्या पायाकडे मी एकदाही बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नवसाची काळजी करू नकोस. आई स्वतः ओटी घेऊन देवळात गेली आणि परत येऊन कामिनीला फोनवर म्हणाली, "देवीले सांगी वनू. पाय बरा हुई जाऊ दे, मंग ये, म्हने ती." देवीचं आणि माझ्या आईचं काय बोलणं झालं ते त्या दोघींना माहीत, पण कामिनी त्या रात्री झोपली.

तुझ्यावर ती रागावली आहे, हे तुला खरं सांगतो. तुझं नाव काढलं की गप्प होते. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू लिहिलंस ते बरोबर केलंस. मी तुझा ऋणी आहे.

हेमकांत


आंबापाडा
२२ डिसेंबर २०२४

ति. कामिनीताईंना सुसानाचा सलाम.

तुमचं पत्र नाही. दर रविवारी पोस्टमास्तरांच्या घरी विचारते. आता मी दिसले की ते लांबूनच मान हलवतात.

भाऊंनी लिहिल्यानंतर पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही. बोट राहिलं का? तुम्ही माझ्याशी बोलू नका, पण एवढं भूमिकाला कळवायला सांगा.

तुम्ही लिहिलं होतं की नवसाचं मला कळणार नाही. मला वाईट वाटलं होतं. पण ताई, आमच्याकडेही भात निघाला की पहिली पेंढी आधी चर्चला नेतात. देवाने दिलं म्हणून द्यायचं. ते न्यायच्या आधी कोणी नवा भात तोंडात घालत नाही. या वर्षी पेंढी नेताना मी तुमच्या पायासाठी मागितलं. म्हणून तुम्ही नवस का सोडत नव्हता ते मला कळतं. तरी मी पुन्हा तसंच पत्र लिहीन.

तीन दिवसांनी नाताळ आहे. आमश्या घरी आला आहे. आईने तुमच्यासाठी नव्या तांदळाचं पीठ बाजूला ठेवलं आहे.

सुसाना


कळसाडी
१९ जानेवारी २०२५

माझी सुसाना,

बोट राहिलं. आधी हे लिहिते, बाकी नंतर. जखम संक्रांतीच्या आधी भरली. काल डॉक्टरांनी पट्टी काढून टाकली आणि म्हणाले, आता घरची पट्टी, म्हणजे रोज बघत राहणं.

मी तुझ्यावर फार रागावले होते. खोटं कशाला सांगू? दवाखान्यात पडल्या पडल्या मनात तुझ्याशी भांडत होते. मी हिला एकटीला सांगितलं आणि हिनं माझ्या नवऱ्याला सांगितलं. माझे भेगाळलेले पाय, माझी ती घाण जखम, सगळं यांच्यासमोर उघडं पडलं, याची लाज वाटत होती. माझ्या पायाकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं ग. लग्नात जोडवी घालताना काय बघितलं असेल तेवढंच. पाय म्हणजे चालायचे, त्यांच्याकडे बघायचं काय असतं, असंच आयुष्य गेलं.

मग शेजारच्या खाटेवर एक बाई आली, तळोद्याकडची. माझ्याच वयाची. तिचंही जोडव्याखालीच झालं होतं. तिच्या घरी कुणी बघितलं नव्हतं. तिचा पाय मांडीपासून काढला. ती शुद्धीवर आली तेव्हा पांघरुणावरून हात फिरवून पाय शोधत होती. मी तोंडात पदर कोंबून रडले, आणि त्याच घटकेला तुझ्यावरचा राग गेला. मग इतके दिवस लिहिलं का नाही? राग गेल्यावर लाज आली. तुला देव वेगळा म्हणून हिणवलं होतं ना. ते वाक्य त्या पत्रातून खोडून टाक. आईला वाचून दाखवलं असशील तर तिची मी समोर येऊन माफी मागते.

घरचं सांगते. मकर संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका आल्या. माझी बोटं मोकळी बघून एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. हे ओसरीवर होते. तिथूनच म्हणाले, "मीच काढेल शेतस. तुम्हनाबी घर जाई काढी दखा, खाल काय शे ते." एकही बाई हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी रूपचंदभाऊंची बायको मागच्या दारानं आली आणि हळूच म्हणाली, जरा माझेही बघ ना. मग अजून दोघी आल्या. आता आमच्या मागच्या दारी सकाळी पायांचा बाजार भरतो. सासूबाई म्हणतात, चहापत्ती जास्त लागायला लागली, त्याचं काय ते बघा.

आम्हा दोघांचं आता असं असतं. आधी मी यांचे बघते, मग हे माझे. हे चष्मा लावतात आणि केळीची फणी तपासावी तसं एकेक बोट वेगळं करून बघतात. पहिले काही दिवस मी डोळे मिटून बसायचे. आता मिटत नाही. परवा यांना म्हटलं, इतकं काय बघता, बोटं तेवढीच आहेत. तर म्हणाले, तेवढीच राहू दे म्हणून तर बघतो. सुसाना, या माणसानं मला आयुष्यात कधी गजरा आणला नाही, आणि मला आता तो नकोही आहे.

तुझे आभार कसे मानू याचा बरेच दिवस विचार करत होते. साडी घ्यावी, आईसाठी शाल घ्यावी, असं मनात येत होतं. काल यांनी माझे पाय बघता बघता विचारलं, तुझ्या त्या बहिणीच्या आईला साखर, मग तिचं स्वतःचं कोण बघतं? आणि मला धस्स झालं. आईचा पाय तू बघतेस. यांचा पाय तुझ्यामुळे राहिला, माझा तुझ्यामुळे राहिला. आमश्या तर महिनोन्महिने कामाला बाहेर. भातात तू दिवसभर अनवाणी उभी असतेस. इतकी पत्रं आपण लिहिली, सगळी पायांवर लिहिली, आणि तुझ्या पायांबद्दल मी एक ओळ विचारली नाही.

२ फेब्रुवारीला, रविवारी आम्ही दोघं येतो आहोत. रूपचंदभाऊंची गाडी ठरवली आहे. आधी तुला दवाखान्यात नेऊन रक्त तपासायचं आहे, त्यात हुज्जत चालणार नाही, तू माझी ऐकली नव्हतीस. मग तुझ्या घरी. स्वयंपाकाची घाई करू नकोस, आईजवळ यांना बसव, आणि तू पाय धुऊन उजेडात बस. मी बघणार आहे.

तुझी मोठी बहीण,
कामिनी